आर्वेलानं बर्फ कुठे टाकला

आर्वेला स्टेन्सरूड पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली ती ट्रक अडवताना. मी मोंटानातल्या या डोंगरी गावात नुकताच शिक्षक होऊन आलो होतो. भर हमरस्त्यात हातात केरसुणी घेऊन ही बाई उभी, आणि समोर ओंडक्यांनी भरलेला ट्रक थांबलेला.

"साखळी सुटलीय तुझी! घाटात कुणाच्या डोक्यावर पाडणार आहेस ती लाकडं?"

ड्रायव्हर खाली उतरला. साखळी आवळून होईपर्यंत तिनं त्याला कॉफी आणून दिली. मागचं आठ खोल्यांचं मोटेल तिचं होतं.

तेव्हा सगळी वाहतूक गावातूनच जायची. चौऱ्याहत्तर साली नदीपलीकडून नवा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून पळू लागल्या. जुना रस्ता सरकारनं गावाच्या गळ्यात घातला. त्यावर 'बिझनेस रूट'ची हिरवी पाटी लागणार होती, म्हणजे जेवायला, झोपायला इकडे वळा अशी खूण. पाटी नसती तर मोटेलकडे कुणी वळलंच नसतं. पण महामार्ग खात्याची अट होती की रस्ता हिवाळाभर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा हवा. फेब्रुवारीत त्यांचा माणूस बघायला येणार होता.

गावाचं बर्फ काढायचं यंत्र चालवायला कुणी तयार होईना. आर्वेला म्हणाली, "मी चालवते." आणि खरंच चालवू लागली.

आमच्याकडे बर्फ रस्त्याच्या मधोमध लोटायची पद्धत आहे. दुकानांची दारं मोकळी राहतात, आणि मधल्या ढिगाला खिंडी पाडून लोक पलीकडे जातात. पाहणीच्या आदल्या दिवशी खात्यातून फोन आला. मध्ये ढीग असेल तर गाड्यांना डावीकडे वळता येणार नाही, असला रस्ता चालणार नाही.

बातमी ऐकून न्हावी क्लेम ऑसगुड दुकानातून बाहेर आला. "आर्वेला, माझ्या दारात बर्फ टाकलास तर याद राख!"

"पाटी गेली तर तुझ्या दारात येणार कोण आहे, क्लेम? अस्वलं? त्यांचे केस कापशील?"

"ती निदान तुझ्यासारखं बोलणार नाहीत!"

दुकानं सगळी उत्तरेच्या बाजूला. दक्षिणेला बंद पडलेल्या लाकूडगिरणीचं आवार आणि आर्वेलाचं मोटेल. ती यंत्रात बसून बराच वेळ दोन्ही बाजू बघत राहिली. मग गिअर टाकला आणि मधला सगळा ढीग दक्षिणेकडे लोटायला लागली.

दुपारपर्यंत मोटेलच्या खिडक्या दिसेनाशा झाल्या. चार नंबरच्या खोलीत बियाण्यांचा एक फिरता विक्रेता उतरला होता. तो मागच्या खिडकीतून बॅगेसकट बाहेर पडला.

"बाई, माझी गाडी?"

"आहे तिथेच आहे. थंडीत छान टिकेल."

दुसऱ्या दिवशी महामार्ग खात्याचा माणूस आला, श्री. पेटिबोन. टोपी कानांपर्यंत ओढलेली. दोनदा रस्ताभर गाडी फिरवली, मुद्दाम डावीकडे वळून पाहिलं, वहीत काहीतरी खरडलं.

"रस्ता चालेल. पाटी लागेल." मग हात चोळत म्हणाला, "आता अंधारात परत जाण्यात अर्थ नाही. इथे मोटेल आहे म्हणे?"

आर्वेलानं ढिगाकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली."

क्लेमनं कपाळाला हात लावला. पेटिबोन त्या रात्री क्लेमच्याच घरी कोचावर झोपला. सकाळी क्लेमनं त्याची दाढीही केली. मग क्लेम स्वतः फावडं घेऊन मोटेलपाशी आला, आणि आम्ही पाचसहाजण त्याच्या मागोमाग. चार दिवस उकरत होतो. दर तासाला क्लेम कंबर धरून म्हणायचा, "मोटेलवाली कशाला म्हणायचं हिला? आमची मुकादमच ही!" आर्वेला यंत्रातून उत्तर द्यायची, "बोलणं कमी, फावडं जास्त!"

एप्रिलमध्ये पाटी लागली. त्या उन्हाळ्यात मोटेलच्या आठही खोल्या भरल्या, आणि तिनं यंत्र चालवणं त्यानंतर एकोणीस हिवाळे सोडलं नाही.

आर्वेला आता सत्याऐंशी वर्षांची आहे. मोटेल तिची पुतणी चालवते, आणि ती एक नंबरच्या खोलीत राहते.