भरल्या गाडीला वाट

"मग ट्रकवाल्यानं काय उडून जायचं होतं?" सोजराबाईनं हळदीची वाटी खाली आपटली.

"खाली उतरायचं होतं," कोपर पुढं करून नागोराव म्हणाला. "त्यो रिकामा होता. मी भरलेला."

सकाळचं भांडण दिवे लागायला आले तरी चालूच होतं. दाराशी टेकलेल्या सायकलीचं पुढचं चाक पापडासारखं वाकडं झालं होतं. खड्ड्यातून तिच्या नवऱ्याला आणि सायकलीला उचलून आणणारा चाळीतला बुधा शेजारी उकिडवा बसला होता.

"भोंगा वाजवून वाजवून दमला बिचारा," बुधा म्हणाला. "दादा बाजूला झालाच नाय."

दोन महिन्यांत हे तिसऱ्यांदा. सरावलीहून तारापूरच्या बांधकामाकडे जाणारी डांबराची एकच पट्टी, दोन्हीकडं भुसभुशीत माती. चाळीतली सात माणसं पहाटे पायी निघत. मागून कामावर निघालेला नागोराव त्या सात जणांचे डबे सायकलला बांधून नेई. समोरून खडी टाकून परतणारे रिकामे ट्रक सुसाट येत.

नागोरावाचं अर्धं आयुष्य जिंतूरकडं बैलांच्या शेपट्यांमागं गेलेलं. तिथं रस्त्याचा एकच कायदा: भरलेली गाडी चाकोरीत, रिकामीनं रानात उतरायचं. पाटलाची रिकामी गाडी आपण एकदा कशी उतरवली, हे तो अजून सांगे. सोजराबाईनं हँडलला लाल फडकं बांधून पाहिलं, तर बैल बुजतात म्हणून त्यानं सोडून टाकलं. या रस्त्यावर तिला दोन वर्षांत दोनदा बैल दिसले होते.

"दादा, ड्रायव्हर पंजाबचा," डबा न पोचल्यानं दिवसभर उपाशी राहिलेला धाकटा भाऊ आनंदा म्हणाला. "त्याला जिंतूरचा कायदा कुठून ठाऊक?"

"रस्त्यावर यायचं तर ठाऊक पाहिजे."

"आन् तुमी मेल्यावर त्याला शिकवायला मी जाऊ?" सोजराबाई म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली व्हती ना, बाजूला होईन म्हणून?"

"होतो की. संध्याकाळी डबे रिकामे असतात, खडीचा ट्रक भरलेला असतो. रोज मीच उतरतो. विचार आनंदाला."

आनंदानं मान हलवली. हळद लावणारा सोजराबाईचा हात थांबला. तिन्ही वेळा हा माणूस सकाळीच पडला होता. दोन महिने ती ज्याच्याशी डोकं फोडत होती, तो आपल्या कायद्यातून तसूभर हललेला नव्हता आणि हलणारही नव्हता.

तिनं उठून डब्यांची दोरी सायकलवरून सोडली आणि चुलीत घातली.

"उद्यापासून सायकलला काही बांधायचं न्हाई. आनंदा भावजी, आपापली भाकर आपापल्या हातात, चाळीत सगळ्यांना सांगा."

"आन् माझी?" नागोरावानं विचारलं.

"तुमी घरीच जेवून निघायचं. गाडीवानाच्या पोटातलं वझं गाडीच्या भारात धरत न्हाईत."