गेलेल्यांच्या नावाने

शुक्रवारी सुट्टी. बहारीनमध्ये, गुदैबिया भागातल्या एका कॉम्प्युटर क्लासात आम्ही चार-पाच मराठी माणसं जमायचो आणि वायरींनी जोडलेल्या कॉम्प्युटरांवर एकमेकांना गोळ्या घालायचो. त्यात एक एसी दुरुस्त करणारे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. खेळात मेले की ते शांतपणे "खलास" म्हणून चहाचा घोट घ्यायचे.

एकदा स्क्रीनवर आमच्यातल्याच तांबेचं नाव दिसलं आणि मी चक्रावलो. तांबे तर व्हिसा कॅन्सल करून कधीच पुण्याला गेला होता! बघतो तर त्या नावाने भाऊच खेळत होते.

"भाऊ, हे काय?"

"जो जातो त्याचं नाव मी थोडे दिवस चालवतो. एकदम पुसलं की बरं नाही वाटत."

याला वेड म्हणावं की माया, मला कळेना.

पुढे भाऊही कायमचे गावी गेले. त्या शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्या खुर्चीत बसलो. कॉम्प्युटरने खेळाडूचं नाव विचारलं. मी हात उचलला आणि तसाच थांबलो. भाऊ कायम दुसऱ्याच कुणाच्या नावाने खेळलेले. त्यांचं खरं नाव काय?

मी बाकीच्यांकडे बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते.