हितं कोनतरी भ्यालंय

जनीमावशी बांधावरून चालताना पदर डाव्या डोळ्याच्या कडेशी घट्ट धरायची. लोकांना वाटे, ऊन लागतंय. पण भरल्या आभाळातही ती तशीच चालायची. डाव्या हाताला शेजाऱ्याचं भात होतं, युरियावर पोसलेलं, काळपट हिरवं.

"त्याचं काळं बगितलं का माजे पाय लटलट करतान," ती मला म्हणाली होती. "वाटतं, आपन पन दोन मुठी फेकाव्या. म्हनून बगतच नाय."

तिचं शेत टिटवाळ्याच्या पुढे, चहूकडून टॉवर चढत आलेले. मावशीचा नवरा कधीच गेलेला. मुलगा बाळाराम जमीन बिल्डरला द्यायला निघालेला. खत दरवर्षी वाढत होतं, भात मात्र तेवढंच. बांधातले खेकडे नाहीसे झाले, याचा तर तिने धसकाच घेतला होता. गोळीखताचं तिला मीच सांगितलं. मी तिचा भाचा, डोंबिवलीत राहणारा, पावसाळ्यात तिच्या शेतावर येऊन-जाऊन असणारा; एका प्रदर्शनात ऐकून आलेलो. चिखलात गिरिपुष्पाचा पाला तुडवायचा, लावणी रांगेत करायची आणि चार रोपांच्या मधोमध दाबून घट्ट केलेल्या खताची एक गोळी बोटाने खोल खुपसायची. वरून फेकलेलं खत पाण्याबरोबर वाहून जातं. हे मुळाशी राहतं, म्हणून थोडक्यात भागतं.

बाळारामने अट घातली. "औंदा भात गेल्या सालापेक्षा कमी भरलं तर आई, तू सही करायची. मग रडायचं नाय."

मावशी हो म्हणाली. गोळी दाबताना ती रोपांशी बोलायची, "खा, पन हलू हलू."

महिन्याभरात शेजारचं भात काळंभोर झालं आणि आमचं पोपटीच राहिलं. बाळाराम बांधावरून ओरडला, "आई, तुझ्या भाताला कावीळ झालीय!"

"तुज्या टॉवरला रंग दे जा मंग," मावशी म्हणाली. हसलो आम्ही तिघंही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. पीक गेलं तर जमीन जाणार, आणि ती माझ्या सांगण्यावरून.

एका दुपारी मावशी लेकीकडे कल्याणला गेली होती. मी शेजाऱ्याकडून घमेलंभर युरिया मागून आणला आणि ओढ्याकडच्या अख्ख्या पट्ट्यात मुठीमुठीने फेकला. कुठे जास्त पडला, कुठे कमी.

आठवड्यात तो पट्टा काळा झाला. मावशी तिथे उभी राहिली, पात्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं कोनतरी भ्यालंय." बस, एवढंच.

दाणा पिकताना परतीचा पाऊस कोसळला. आमचं पोपटी भात ताठ उभं राहिलं. तो माजलेला पट्टा तेवढा आडवा झाला, पाण्यात लोळला आणि लोंब्यांना कोंब फुटले. झोडणी झाली. उभ्या भाताने खाचरागणिक गेल्या सालाची बरोबरी केली होती. पट्ट्याचं कुजलं, तेवढंच कमी भरलं.

"बघ, बोललेलो ना?" बाळाराम म्हणाला. "खत फेकल्याशिवाय भात होतं काय!"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. पट्ट्यात खत कुणी टाकलं, एवढं मी सांगितलं असतं तरी अट बाद झाली असती. ती थांबली होती. बाळाराम काय म्हणेल, गावात तोंड कसं दाखवू, या भीतीने मी रिकामी पोती गोळा करू लागलो. मावशीने सही केली.

पुढे बिल्डरने दिलेल्या फ्लॅटमध्ये ती फार जगली नाही. शेवटच्या आजारात मी पायाशी बसलो होतो.

"तवा तू बोलशील म्हनून थांबलेली मी," ती म्हणाली. तिने माझा हात धरला. "मी पन भ्यालेली रं. रोज. पन मी डोलं झाकलं, तू हात उचललास."

आज शेताच्या जागी पार्किंग आहे. तिथून जाताना रिक्षा वळणावर आली की माझा हात आपोआप डाव्या डोळ्याच्या कडेशी जातो. रिक्षावाल्याला वाटत असेल, ऊन लागतंय.