रुसून निघालेला सायकलस्वार

माझ्या एकट्याच्या सायकल सफरीचा पहिला दिवस हाच तिचा शेवटचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी मला एकटं असं कुणी राहूच दिलं नाही.

बेत साधा होता. वारूळवाडीतून निघायचं, पिंपळवंडी, ओतूर करत डिंगोऱ्याला पहिला मुक्काम. मग जुन्नर, घोडेगाव, मंचर आणि घर. झोपायचं तंबूत. सामान मी आदल्या दिवशी काट्यावर तोलून दोन पिशव्यांत साडेपाच-साडेपाच किलो असं बरोबर वाटलं. वाटून झाल्यावर लक्षात आलं, तंबू राहिलाच! तो मग अंथरुणात गुंडाळून मागच्या कॅरिअरवर बांधला. (पुढचा सगळा घोळ या वळकटीने केला.)

सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे खूळ मुळीच मान्य नव्हतं.

"अहो, वय बघा स्वतःचं."

"एकावन्न."

"आकडा नाही विचारला मी!"

शेवटी पैज लागली. पहिली रात्र मी घराबाहेर काढली, तर तिने या विषयावर पुन्हा बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी घरी परतलो, तर सायकल दत्तोबांना द्यायची. दत्तोबा म्हणजे माझे पिंपळवंडीचे साडू. डेअरीला दुधाचे कॅन न्यायला माझी सायकल कशी झकास होईल, हे ते दर भेटीत बोलून दाखवायचे. माझ्या नव्या, गिअरच्या सायकलला दोन्हीकडे कॅन लटकलेत, असं मला स्वप्नातसुद्धा दिसायचं!

निघताना सुनंदाने डबा हातात दिला आणि म्हणाली, "जायचंय तर जा एकदाचे!"

कोपऱ्यावर चंपालालशेठच्या दुकानात चिक्की घ्यायला थांबलो. शेठजींनी आधी वळकटी पाहिली, मग मला पाहिलं.

"एवढ्या सकाळी कुठं?"

"चार दिवस बाहेर चाललोय."

"सगळे चार दिवस म्हणूनच जातात. वहिनी काय म्हणाल्या?"

मला खोटं बोलता येत नाही. "म्हणाली, जायचंय तर जा एकदाचे."

शेठजींनी चिक्कीची दोन पाकिटं पुढे सरकवली, पैसे घेतले नाहीत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होतं असं प्रत्येकाच्या घरी. राग फार ताणू नका."

कसला राग, हे विचारायला मी थांबलो नाही. मला तासाला बारा किलोमीटर हा वेग राखायचा होता. तिथेच थांबून विचारलं असतं, तर आज हे लिहावं लागलं नसतं! कारण आमच्या भागात पन्नाशीचा माणूस सायकलला अंथरूण बांधून एकटाच गावाबाहेर पडला, तर तो सफरीला निघालाय असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. तो बायकोशी भांडून निघालेला असतो.

माझी पाठ वळताच शेठजींनी (अर्थातच सद्भावनेने) दत्तोबांना फोन लावला.

इकडे दत्तोबांना मी काहीच कळवलं नव्हतं. कळवलं की जेवायला थांबणं आलं, जेवण म्हटलं की मासवडी आली आणि मासवडीनंतर झोप आली. म्हणून त्यांच्या दारावरून गुपचूप सटकायचं ठरवलं होतं. पण पिंपळवंडीत शिरतो तर साडू भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभे! मी मान खाली घातली, गिअरकडे बघतोय असं दाखवलं आणि त्यांच्या काखेखालून सायकल काढली.

"अवं भाऊ! भाऊ! थांबा की!"

मी जोर वाढवला. साडूच्या दारावरून न थांबता गेलो म्हणजे भांडण साधं नसणार, याची आता त्यांनाही खात्री पटली. मागून मोटारसायकल आली. तिला कॅन बांधलेलेच होते; ते असे खणखणत होते की रस्त्यावरची माणसं दारात आली. दत्तोबांनी ती मला आडवी घातली आणि माझ्या हँडलवर हात ठेवला.

"भाऊ, आमी काय मेलो व्हतो? घर सोडून जायची येळ आली, तर आपल्या माणसाकडं यायचं सोडून कुटं निघालाव?"

"घर कुठं सोडलंय? सफरीला निघालोय!"

"आसंच म्हन्त्यात, राव. चला."

घरी शोभाने, माझ्या मेहुणीने, पाण्याचा तांब्या पुढे केला. "दाजी, काय झालं ते सांगू नका. आधी खाऊन घ्या." आणि स्वयंपाक होऊन दुपारी ताट आलं. त्यात मासवडी होती!

"शोभा, आमचं भांडण झालेलं नाही."

"ताई तिखट बोलते, मला ठाऊक न्हाई का? खा तुमी."

जेवल्यावर निघावं, तर सायकल गोठ्यात आणि गोठ्याला कुलूप. शेजारची मंडळी एकेक करून येऊन बसली, माझ्याकडे बघून सुस्कारे टाकू लागली. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो : आत्ता सुटलो तर उजेडात डिंगोरं. आणखी एक चहा, म्हणजे ओतूर. तिसऱ्या चहाला ओतूरही गेलं.

उन्हं कलता कलता दारात पिकअप थांबली. सुनंदाचे मंचरचे मामा नारायणगावला टोमॅटो उतरवून रिकामे क्रेट घेऊन परत निघाले होते. शोभाचा फोन आला म्हणून त्यांनी आधी वारूळवाडीला जाऊन सुनंदाला आणलं होतं. सुनंदा उतरली ती धावतच. आल्याआल्या माझे दोन्ही गुडघे दाबून पाहिले.

"कुठं लागलंय?"

"कुठंच नाही."

"मग 'दाजींना बसवून ठेवलंय, लगेच ये' असं ही शोभा का म्हणाली? जीव अर्धा झाला माझा! कशाला बोलावलं मला?"

"समेटाला!" मामा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "भिऊ नगंस पोरी. जावईबापूंबद्दल काय म्हननं आसंल ते मोकळेपनानं सांग. आमी बसलोय."

सुनंदाने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवलं. तिने एकवार जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि पदर सावरला.

"भांडण काही नाही, मामा. पण आता विचारताच आहात तर सांगते. हे गिरणीला दळण देताना तोलतात, आणल्यावर पुन्हा तोलतात आणि कमी भरलं तर मलाच विचारतात, कुठं गेलं!"

"आरारारा!" सगळी बैठक हळहळली.

"माझ्या माहेरच्या लग्नात माणशी किती जिलब्या लागल्या, ते मांडवात बसून काढत होते!"

ते लग्न शोभाचंच होतं. दत्तोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मासवडी परत मागतात की काय!

मामांनी निकाल दिला. "जावईबापू, हात जोडा."

"अहो, पण कशाबद्दल?"

"ते मागाहून बघू."

न झालेल्या भांडणाची मी पंधरा माणसांसमक्ष माफी मागितली. टाळ्या पडल्या. शोभाने सुनंदाची ओटी भरली. मी घाईघाईने म्हणालो, "झालं ना? मग मी आता पुढे निघतो."

"पुढं?" मामा गरजले. "समेट झाल्यावर पुढं कुटं? घरी!"

सायकल पिकअपमध्ये चढली. पुढे मामा आणि सुनंदा, मागे क्रेटांच्या चळतीत मी. सायकल उभी राहीना, म्हणून दत्तोबांनी ती माझ्या मांडीवर आडवी टाकली आणि जाता जाता तिच्या कॅरिअरची लांबी वितीने मोजली. त्यांना पैजेचं कुणी सांगितलं होतं, देव जाणे!

गाडी सुटताना सुनंदाने मागच्या खिडकीतून हात घातला. "डबा काढा पिशवीतला. तुम्हाला आवडतात म्हणून गुळपोळ्या दिल्या होत्या. आणि ऐका, सायकल कुणाला द्यायची नाही."

"पण पैज?"

"परत आलात तर द्यायची ठरली होती. तुम्ही कुठं परत आलात? तुम्हाला आणलंय!"

एवढा चोख हिशेब मलासुद्धा सुचला नसता. उरलाय तो फक्त त्या दिवसाच्या अंतराचा, आणि तो मी प्रामाणिकपणे मांडतो : जाताना नऊ किलोमीटर मी सायकलवर होतो, येताना नऊ किलोमीटर सायकल माझ्यावर होती!