कावळ्याच्या गोष्टीचा शेवट

सकाळी मी बाईंच्या फाटकाशी पोचले, तेव्हा शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. "मंजुळा, घाई करू नकोस आता... बाई गेल्या गं. पहाटे, झोपेतच." चटणीसाठी बाईंनी मागवलेला नारळ माझ्या पिशवीत होता. पिशवी धरून मी तशीच उभी राहिले. मनात पहिला विचार आला तो त्यांच्या जाण्याचा नव्हता. गोष्टीचा शेवट लिहायचा राहिला, हा होता. त्याची लाज अजून जात नाही.

बाई शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊनही खूप वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं, घरात एकट्याच. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. गेल्या वर्षी त्यांची नजर गेली आणि मुलांसाठी लिहायची एक कादंबरी मनातच अडकली. एका कावळ्याची. तो गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावरच्या भिंतीवर बसून माणसं बघतो आणि त्याला ती काही केल्या कळत नाहीत. एके दुपारी बाईंनी चाचपडत वही माझ्यापुढे सरकवली. मी घाबरले.

"बाई, माझी चौथीच झालीय, हरसूलला. जोडाक्षरं नाय येत मला."

"कावळ्याला तरी कुठे येतात? लिही."

मग रोज भाकरी झाल्यावर त्या सांगायच्या आणि मी लिहायचे. कावळा म्हणायचा, ही माणसं वर्षभर मला हाकलतात आणि घरातलं कुणी गेलं की दहाव्या दिवशी भाताचा पिंड मांडून मलाच हात जोडतात. मी शिवलो नाही तर म्हणतात, गेलेल्याची इच्छा राहिली. अरे, माझं पोट भरलंय! सकाळपासून सहा घरचा भात झालाय! मी हसत सुटायचे. बाई म्हणायच्या, "हसलीस ना? मग ते वाक्य राहू दे." माझ्या हसण्यावरून कुणी काही ठरवावं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

शेवट त्यांनी जायच्या आदल्या दिवशी सांगितला. कावळा माणसांत राहतो की कायमचा उडून जातो, ते. न थांबता सांगत होत्या, आवाज बारीक झाला होता. मी कुकर लावला होता, सगळं लक्ष शिट्ट्यांकडे. नुसतं हं, हं करत राहिले. "लिहितेस ना?" त्यांनी विचारलं. "उद्या लिहिते बाई, आज डाळ उरकू द्या." त्या म्हणाल्या, "बरं. उद्या."

दहाव्याला कावळा शिवेना. खरंच शिवेना... भिंतीवर दोन बसले होते, मान वाकडी करून आमच्याकडे बघत. बाईंचे भाचे प्रमोददादा ठाण्याहून आले होते. ते हात जोडून म्हणाले, "आत्या, घर विकणार नाही." कावळा हलला नाही. कुणी म्हणालं, "तुळशीला रोज पाणी घालू म्हणा." तरी नाही. गुरुजी म्हणाले, "आटपा, मागे लोक थांबलेत." मी सगळ्यांच्या मागे उभी. काय राहिलंय ते मला एकटीला माहीत होतं. बाई, मी शेवट लिहीन, एवढंच म्हणायचं होतं. पण काय लिहीन? मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. गवताचा कावळा... बाई पोट धरून हसल्या असत्या. मला रडूही आलं नाही.

परतताना दादांनी विचारलं, "ताई, वही तुमच्याकडे आहे ना? छापून घेऊ. पूर्ण झालीय?"

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याला पाच आठवडे झाले. रोज वही उघडते. कावळा राहिला असं लिहिलं, खोडलं. उडून गेला असं लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही माझंच वाटतं, बाईंचं नाही. त्यांचा आवाज आठवतो, ओठ हलताना आठवतात, शब्द एकही येत नाही. डोळे गेलेल्या माणसाने आपलं शेवटचं माझ्या कानांवर सोपवलं होतं.

रविवारी दादा वही न्यायला येणार आहेत. काल शेवटच्या पानावर मी लिहिलं, "पुढची गोष्ट बाईंनी सांगितली होती. लिहिणारीने ऐकली नाही." खाली नावापुरती जागा सोडली आहे. नाव अजून घातलेलं नाही.