हरण्याची सुट्टी

फोनमधल्या राक्षसांना चारापाणी केल्याशिवाय ज्यांच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नाही, असे गृहस्थ अख्ख्या आंबेगाव तालुक्यात एकच आहेत, आणि दैवयोगाने ते माझे मामेसासरे आहेत. महाळुंगे पडवळला त्यांचं घर. एके काळी दारात शर्यतीचे बैल होते. आता गोठ्यात ट्रॅक्टर असतो आणि मामा त्याला अजून 'तो पत्रा' म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी घरात बसायला सांगितलं, तेव्हा नाशिकला दिलेल्या लेकीने त्यांच्या फोनमध्ये हा खेळ टाकला आणि त्याची भाषाही मराठी करून दिली. खेळ असा: रानात हिंडून चित्रविचित्र राक्षस पकडायचे, पाळायचे, सहांची टोळी बांधायची आणि दुसऱ्यांच्या टोळ्यांशी झुंजवायची. शेवटी चार बडे उस्ताद ओळीने, मध्ये दम खायला जागा नाही, आणि त्यांच्यावर पांढऱ्या कोटातली एक सम्राज्ञी. कुठेही हरलात की पुन्हा पहिल्या उस्तादापासून सुरुवात. लेकीला वाटलं, म्हाताऱ्याचा तेवढाच वेळ जाईल. मामांनी तिथे संसारच थाटला.

'राक्षस' हा शब्द त्यांना खपत नाही. ते 'जनावरं' म्हणतात. झुंजीला 'बारी' म्हणतात, कारण आमच्याकडे शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाडा पळतो त्याला बारीच म्हणतात. सम्राज्ञी म्हणजे नुसतं 'बाई'. "बाई लई हुशार हाय, पावणं," हे ते एखाद्या तालेवार विहिणीबद्दल बोलावं तशा आदराने सांगतात. मंचरला माझं पंख्या-मिक्सरचं दुकान आहे, तिथे ऐन गिऱ्हाइकीत मामांचा फोन येतो आणि "बाईनं आज बर्फाचं जनावर काढलं, काय करू?" असा सल्ला विचारला जातो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहतं. सल्ला विचारायचा आणि पाळायचा मात्र नाही, हा त्यांचा शिरस्ता.

पण डावपेच त्यांचे ऐकावेत. विस्तवावर पाणी, पाण्यावर वीज, विजेवर माती, हे कोष्टक पोरं घोकून पाठ करतात. मामा म्हणाले, "यात शिकायचं काय? उभा जल्म ह्येच केलं." पाण्याच्या जनावरावर गवताचं जनावर भारी पडतं हे मला पटेना, तर माझीच कीव केली. "गवत पाणी पितं की वो, राव! दुकानदार झाला न् इसरला व्हय?" फक्त एका डावात त्यांचं घोडं अडायचं. समोरच्यावर गुंगीची भुकटी टाकून त्याला झोपवायचं आणि मग हाणायचं, असा तो डाव. मामा भुकटी टाकायचे, समोरचं जनावर घोरायला लागायचं, आणि मामा फोन बाजूला ठेवून चहा मागवायचे. मी विचारलं, हाणत का नाही? तर म्हणाले, "झोपल्याला मारायचं? आपण काय तसल्या घरातलं हाय का?" आतून मामी ओरडल्या, "ते उठंल तवर तुमीच झोपाल!" आणि झालंही तसंच. मामा हरले, पण घराण्याला बट्टा लागला नाही.

हरण्याचं दुसरं आणि मोठं कारण म्हणजे खुद्द हरण्या. मामांनी पकडलेलं ते पहिलं जनावर: मातकट रंगाचं, गायीच्या डोळ्यांचं, आणि चालायला असं मंद की त्याची पाळी येईपर्यंत समोरचा दोनदा मारून जायचा. नाव दिलं होतं त्यांच्या शर्यतीच्या लाडक्या बैलाचं. तो बैल घाटात वाऱ्यासारखा पळायचा, पण मामांचा गाडा कधी पहिला आला नाही. दर वेळी दुसरा. दुसऱ्या नंबराच्या ढालींनी घराची एक भिंत भरली आहे, आणि मधोमध एका ढालीपुरती जागा मामांनी रिकामी ठेवलेली आहे. एकदा तरी पहिलं यायचं, आणि तेही हरण्याला घेऊन, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. "मामा, हा टोळीतून काढा, सहावा दमदार घ्या," असं मी सांगून थकलो. ते म्हणायचे, "दावणीचं जनावर म्हातारं झालं म्हणून कुणी बदलतं का? तुमची मामी बदलली का मी?" यावर मामींनी आतून जे उत्तर दिलं ते इथे लिहिता येत नाही.

मग पोळा आला; आमच्याकडे तो श्रावणात नाही, भादव्यात असतो. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला आंघोळ, पुरणपोळी आणि दिवसभर सुट्टी. मामांनी फोन पुसला, त्याला कुंकू लावलं, मामींनी काचेपुढे नैवेद्य धरला. दुसऱ्या दिवशी बाईशी बारी ठरलेली, तेव्हा आज हरण्याला विसावा. मामांनी त्याच्या चित्रावर बोट ठेवलं. खाली बटण आलं: 'सोडा'. आता शेतकऱ्याच्या घरात 'बैल सोडा' म्हणजे जू उतरवा, मोकळं करा, चरू द्या. मामांनी दाबलं. फोनने विचारलं, 'नक्की?' मामा म्हणाले, "म्हंजे काय! सण हाय त्याचा." आणि 'हो' दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: 'हरण्या आनंदाने रानात निघून गेला.' मामांनाही आनंद झाला.

दिवेलागणीला मला फोन आला. "पावणं, हरण्या अजून आला न्हाई." मी मोटारसायकल काढून गेलो. मामा ओट्यावर फोन धरून बसलेले. मी सगळं उघडून पाहिलं आणि मला सांगावं लागलं, की मामा, या खेळात सोडलं म्हणजे कायमचं सोडलं, ते परत येत नाही. मामांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "मी तर सुट्टी दिली व्हती त्याला." मामी पुरणपोळीचं ताट घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी मला वाढलंच नाही, तशाच उभ्या राहिल्या.

बाईचं नाव घेणं बंद झालं. दुकानात फोन येईनात, आणि मलाच करमेना. शेवटी मीही तो खेळ घेतला, त्याच रानात जाऊन त्याच जातीचं मातकट जनावर पकडलं, 'हरण्या' नाव ठेवलं आणि मामांच्या फोनवर धाडलं. मामांनी त्याच्या डोक्यावर बोट टेकवलं, निरखून पाहिलं. "ह्यो आपला न्हाई. आपला डावा कान हलवायचा, ह्यो उजवा हलवतोय." त्या जातीचे सगळे एकाच साच्यातून काढलेले असतात, हे सांगायची माझी छाती झाली नाही. मामांनी त्याचं नाव बदलून 'पावणा' ठेवलं, सहाव्या जागेवर बसवलं, आणि पुढच्या रविवारी ओट्यावर बारी मांडली.

चारही उस्ताद पडले. बाई आल्या. मामांनी आता भुकटीचा डाव घरंदाज करून घेतला होता: समोरचं झोपलं की हाणायचं नाही, तेवढ्यात आपल्या जनावरांना औषधपाणी करायचं. उठलं की मग समोरासमोर. बाईचं शेवटचं जनावर उभं आणि पावण्याखेरीज मामांचंही एकच धड. मी ओरडलो, "मामा, पावण्याला पुढे करा, तेवढा मार खाईल!" मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जावई नसतो तर ओट्यावरून खाली गेलो असतो. "पावण्याला कुणी कामाला लावतं व्हय?"

आणि त्या एकट्या गड्यावर मामा जिंकले! मी नाचलो. मामींनी भंडारा आणून फोनवर उधळला, तो आजही चार्जिंगच्या भोकातून पिवळा निघतो. पडद्यावर विजेत्यांची ओळ लागली: पाच दमलेले गडी आणि शेवटी काहीही न करता उभा असलेला पावणा. मामांनी ती ओळ शेवटपर्यंत पाहिली. भिंतीवर काय लावायचं, असं मी विचारलं. "ऱ्हाऊ द्या ती जागा," ते म्हणाले.

आता ते बाईच्या वाटेला जात नाहीत. पण रोज दिवे लागायच्या वेळी खेळ उघडतात आणि हरण्या पहिल्यांदा सापडला त्या हिरव्या माळावर जाऊन उभे राहतात. झुंज नाही, काही नाही. परवा मी म्हटलं, मामा, तो खेळ आहे हो, तो काही यायचा नाही.

"ठावं हाय, पावणं," मामा म्हणाले. "पण आला, न् दारात कुणी नसलं तर?"