पालथा कागद

आपा कागद नेहमी पालथा सरकवायच्या. इन्शुरन्सच्या खिडकीतून दोन बोटांनी दाबून धरलेला कागद बाहेर यायचा आणि मागोमाग आवाज, "पालथाच ने गो, मागं मानसं उभी हायत." अशा खिडकीपाशी तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर रांगेच्या देखत आपलं दुखणं मोठ्यानं सांगणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक असेल. आपांच्या खिडकीवर कुणा बाईवर ती वेळ आली नाही.

सौदीतल्या दम्मामच्या एका खासगी दवाखान्यात मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि आपा विमा कंपनीकडून मंजुऱ्या मिळवायच्या. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, तोंडानं फटकळ. माझं अक्षर बघून म्हणायच्या, "मॅडम, कोंबडी चालली काय कागदावर?" आणि लगेच डब्यातली अर्धी सांदणं माझ्यापुढे करायच्या. मंजुरी अडली की फोनवर अरबीत इतक्या भांडायच्या, की पलीकडचाच "खलास, खलास" म्हणून सुटका करून घेई.

आमच्या नर्सेसना रुजू होताना तोंडी बजावलं जाई, पहिल्या करारात मूल नको. लेखी काही नाही. लेखी होतं ते वेगळंच: स्टाफच्या विम्यात गर्भनिरोधन बसत नाही.

"मूल नको म्हनतात, आनि न होन्याची सोय पन करत नाय. बाईनं करायचं काय?" आपा विचारायच्या. मी हसायचे. त्या हसण्याची आता लाज वाटते.

सुनीता आमच्या वॉर्डातली नर्स, संगमनेरची. नवरा अल खर्जच्या डेअरीत, महिन्यातून एकदोनदा यायचा. गोळ्यांनी तिचं डोकं असह्य दुखे, म्हणून मी गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन सुचवलं. ते महाग, आणि विमा नाही म्हणणार हे उघड होतं. आपा माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं. "मॅडम, अंगावरून जास्त जातंय असं लिवा. त्याला पास होतंय."

मी लिहिलं. माझ्याच कोंबडीच्या पायांनी. आठवड्यात मंजुरी आली.

वर्षभरानं सुनीताच्या कराराची मुदत संपत आली, तेव्हा एचआरनं तिची फाइल काढली. गर्भाशयाचा आजार, रक्तस्राव. अशी बाई रात्रपाळीला काय उपयोगाची? करार वाढवणार नाही, असं पत्र तिच्या हातात पडलं. ती खिडकीशी येऊन रडली. आपांनी खिडकी बंद केली आणि मला घेऊन थेट मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या.

"सर, वो लड़की बीमार नहीं है. झूठ मैंने लिखवाया."

"और डॉक्टर ने साइन कैसे किया?"

आपांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "डॉक्टर को टाइम किधर है? मैंने गठ्ठे में डाल दिया, उन्होंने साइन कर दिया."

मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. माझा इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, मुलीची दहावी, सगळं त्या वाक्याच्या आड आलं.

सुनीताचा करार वाढला. आपांना सतरा वर्षांच्या नोकरीनंतर पासपोर्टवर देश कायमचा सोडण्याचा शिक्का मिळाला. निघताना मी त्यांचा हात धरून रडले. म्हणाल्या, "रडू नको गो. तुझं पोर शिकतंय अजून." त्या दिवशी पहिल्यांदा मला मॅडम म्हणाल्या नाहीत.

खिडकीत आता नवा माणूस आहे, कागद सुलटा देतो. गेल्या आठवड्यात एक नवी नर्स तसंच साधन मागायला आली. मी कारण खरं लिहिलं, सुवाच्य अक्षरात: गर्भनिरोधनासाठी. आपांच्या नावानं तेवढं तरी करावं असं वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती परत आली. हातातल्या कागदावर 'नामंजूर' रांगेतल्या साऱ्यांनी वाचलं होतं. खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, दुसरं काहीतरी लिहिता आलं नसतं का?"